व्यत्ययाबद्दल क्षमस्व

हळवं, लवकर पिकणारं भात पिवळं पडायला लागलं की संध्याकाळी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. दिवसभर ऊन अंग भाजून काढतं, आणि कलत्या दुपारी पूर्वेला, सह्याद्रीच्या अंगाला, काळं चढायला लागतं. माडांची हालचाल थांबते. दांडीवरचे कपडे काढायला शेजारणी धावतात. पहिली वीज चमकली की मी हातातलं काम टाकून कपाटावरच्या रेडिओकडे बघते. तो चालू नसतो. गेली काही वर्षं मी तो लावतच नाही. तरी बघते. जित्याची खोड, दुसरं काय!

मी रत्नागिरीत एका रेडिओ केंद्रावर उद्घोषक होते. कुठलं केंद्र ते विचारू नका. 'होते' हे सुद्धा जपूनच म्हणायला हवं, कारण कागदोपत्री मी तिथे कधीच नव्हते. मी कॅज्युअल. बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर का नाही असं विचारायचं नाही. दिवाळीला मिठाईचा पुडा कायमच्या माणसांना आणि दिवाळीच्या दिवशीची ड्युटी आम्हाला. पण माइकसमोरचा लाल दिवा लागला की हे सगळं मी विसरायची. दिवा कायमच्या माणसासाठी जास्त लाल होत नाही.

आमच्या वडिलांना माझं फार कौतुक. ते आमच्या बौद्धवाडीतले पहिले शिक्षक. त्यांच्या लहानपणी रेडिओ वरच्या आळीत वाजायचा आणि ते दगडी गडग्याबाहेर उभे राहून ऐकायचे. त्यांच्या मुलीचा आवाज त्याच आळीत, माजघरात, देवघरात, चुलीपुढे बिनदिक्कत जाऊ लागला. "नमस्कार, मी सुनंदा," एवढंच मी म्हणायची. पुढचं आडनाव रेडिओवर कुणी विचारत नाही. वडील म्हणायचे, "मी गडग्यापर्यंत पोचलो होतो, तू आत पोचलीस." ते गेले तेव्हा केंद्र अजून धड होतं, हे एक बरं झालं.

धड म्हणजे काय, माणसं होती. सुरुवातीला कॅन्टीनच्या बाकावर बसायला जागा मिळायची नाही. मग एकेक जण निवृत्त होत गेला. शाल, श्रीफळ, फोटो, दोन शब्द, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या खुर्चीवर जुनी वर्तमानपत्रं. नवा माणूस काही आला नाही. शेवटी शेवटी संध्याकाळच्या सभेला, रेडिओत प्रक्षेपणाच्या वेळेला सभा म्हणतात, समोर चिटपाखरू नसलं तरी, त्या एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही दोघंच असायचो. माइकपाशी मी आणि यंत्रांपाशी मोहितेभाऊ. साहेब होते, पण त्यांच्याकडे आणखी दोन केंद्रांचा भार होता. त्यामुळे ते नेहमी तिसरीकडेच असायचे.

मी सांगते आहे तो हंगाम परतीच्या पावसाचा. त्या वर्षी पाऊस जाता जाईना. निरोप घेऊन दारात चपला घालून गप्पा मारणारा पाहुणा असतो ना, तसं त्याचं चाललं होतं. सकाळी ऊन, संध्याकाळी गडगडाट. लोकांनी भात कापावं की राहू द्यावं, हाच प्रश्न घरोघरी. कापलं तर वाफ्यात भिजणार, ठेवलं तर आडवं होणार. अशा दिवसांत आमच्या संध्याकाळच्या सभेला मोल होतं. उद्या कुठल्या भागात गडगडाट, कुठे उघडीप, समुद्र कसा, हे आम्ही आमच्या भाषेत सांगायचो. मग एखादं जाखडी नाचाचं गाणं, एखादी मुलाखत, फोनवरच्या गप्पा. बायका खळ्यावर भात झोडताना ऐकायच्या.

आमचा स्टुडिओ गावात आणि मनोरा गावाबाहेर सड्यावर, उघड्या कातळात. मी गावात बोलायची, ते जोडणीवरून सड्यावर जायचं आणि तिथून हवेत. मनोराच बंद पडला तर लोकांच्या रेडिओवर खरखर येते. पण मनोरा चालू आणि मधली जोडणी तुटली, तर खरखरही नाही. रेडिओ नुसता गप होतो. ती शांतता ज्याने कधी निर्माण केली नाही त्याला तिची भीती कळायची नाही.

पहिल्या दिवशी मी हवामान वाचत होते. स्टुडिओतला एसी केव्हाच मेलेला, पंखा लावला तर त्याची घरघर माइकमध्ये जाते म्हणून तोही बंद. भिंतींच्या कापडाला बुरशीचा वास. घामाने कागद बोटांना चिकटत होता. कोपऱ्यात एक छोटा रेडिओ आमच्याच केंद्रावर लावून ठेवलेला असायचा, आपलं बोलणं खरोखर बाहेर जातंय ना हे कळायला. बाहेर कडाडलं आणि तो छोटा रेडिओ गप झाला. माझ्या समोरच्या यंत्रातला काटा मात्र माझ्या शब्दांबरोबर डावी-उजवीकडे हलत होता. काट्याच्या हिशेबाने मी बोलत होते, रेडिओच्या हिशेबाने नव्हते.

मोहितेभाऊ दारात आले. "ताई, इकडून जातंय, तिकडं पोचत नाय. जोडणीच्या यंत्रातलं कार्ड बसलं वाटतं. मी सड्यावर जातो. तुम्ही बोलत ऱ्हावा."

"कुणाशी बोलत राहू?"

"आता कुणाशी म्हणजे! जोडणी मधेच लागली तर? रिकामी नको सापडायला."

त्यांची स्कूटर खोकत खोकत गेली. आणि मी त्या बंद खोलीत एकटी, कुणालाही ऐकू जात नाही हे ठाऊक असताना, संगमेश्वर आणि देवरूख भागात विजांसह पाऊस पडेल, कापलेलं भात सुरक्षित जागी ठेवावं, असं पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी अनेक वर्षं बोलण्याचं काम केलं, पण इतकं मनापासून कधी बोलले नसेन. मग एका वाक्याच्या मध्यात छोटा रेडिओ घसा खाकरून बोलू लागला आणि माझाच आवाज मला दचकवून गेला.

जोडणी परत आल्यावर मी म्हटलं, "तांत्रिक बिघाडामुळे आपला कार्यक्रम काही काळ ऐकू येऊ शकला नाही." दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन, त्या तिसऱ्या केंद्रावरून.

"सुनंदाबाई, बिघाड हा शब्द हवेत जाऊ द्यायचा नाही. बिघाड म्हटलं की जबाबदारी आली. नुसतं 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' म्हणा आणि पुढे चला."

"पण सर, लोकांना वाटेल..."

"लोकांना काही वाटत नाही हो."

तेव्हापासून ढग आले की मोहितेभाऊ स्कूटरची किल्ली खिशात घालून ठेवायचे. रोज व्हायचं असं नाही, पण झालं की सगळं त्याच क्रमाने. कडाडणं, गप होणं, स्कूटर, माझं भिंतींशी बोलणं. जोडणीच्या दोन टोकांना दोन माणसं हवीत, ही काही आकाशातून चंद्र आणण्याची मागणी नव्हती. मोहितेभाऊ सड्यावरून फोनवर विचारायचे, "काटा हलतोय काय?" आणि मी एखादं गाणं लावून, माइक सोडून यंत्रांच्या खोलीतला काटा बघायला धावायची. कार्ड बदलायला हवं होतं, नवं मुंबईहून यायला हवं होतं. ते येईपर्यंत मोहितेभाऊ जुन्यालाच फुंकर मारून, पुसून, चापट मारून चालवत होते. आणि जोडणी आली की मी तोंडभर गोड आवाजात म्हणायची, "व्यत्ययाबद्दल क्षमस्व." दर वेळी, माझ्या तोंडून, माझ्या आवाजात. चूक वरच्यांची आणि नाक घासायचं मी.

ड्युटीरूममध्ये एक फोन होता. हा फोन एरवी कशावरूनही वाजायचा. हेदवीहून एक आजोबा न चुकता फोन करायचे, कार्यक्रम चांगला झाला हे सांगायला नाही, माझा एखादा उच्चार मऊ पडला हे सांगायला. गाणं अर्धवट तोडलं की फोन, भरतीची वेळ हळू सांगा म्हणून फोन, आमच्या नातीचा वाढदिवस आहे म्हणून फोन. त्या महिन्यात तो फोन शांततेवरून एकदाही वाजला नाही. पहिल्यांदा मला हायसं वाटलं. आधीच धावपळ, त्यात आणखी शिव्या कुठे खायच्या! मग हळूहळू ते न वाजणं टोचायला लागलं.

कारण मोहितेभाऊंनी कार्डाचा तगादा लावला तेव्हा साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "श्रोत्यांची तक्रार आहे का एखादी? तक्रार आली की मला वर काहीतरी दाखवता येतं. तुम्ही तक्रार आणा, मी कार्ड आणतो."

आता तक्रार कुठून आणणार? हवेवर मागायची तर बंदी. मोहितेभाऊंनी शेवटी आपल्या मेव्हण्याला तयार केलं. नेमके त्या दिवशी साहेब केंद्रावर होते आणि फोन त्यांनीच उचलला. मेव्हणा साधा माणूस. त्याने सांगितलं, "भावजी बोलले, रेडिओ बंद पडतो म्हणून तक्रार करायची, म्हणून केला फोन." मोहितेभाऊ मग दिवसभर यंत्रांच्या मागून बाहेर आले नाहीत.

मला राग यायचा तो साहेबांचा नाही. साहेब साहेबासारखे वागत होते. राग यायचा श्रोत्यांचा. ही आमची माणसं! बांधावर कलंडलेल्या फणसाच्या फांदीसाठी कोर्टाची पायरी चढणारी, दोन पिढ्या तारखा घेणारी, गडग्याचा एक चिरा सरकला तर तहसीलदारापर्यंत जाणारी. आणि यांच्या घरातला रेडिओ भर हंगामात रोज मुका होतो, तर एकाला फोन उचलावासा वाटू नये? म्हणजे मी इतकी वर्षं बोलले ते भिंतींशीच की काय? ज्यांना मी आपली म्हणत होते ती माणसं रेडिओ बंद करून टीव्हीपुढे बसली असतील, हे चित्र डोळ्यांपुढे यायचं आणि मी घरी जाऊन भांडी आपटायची.

महिना सरता सरता मुंबईहून एक मोठे अधिकारी आले. सज्जन गृहस्थ. माशांचं ताट जेवले, सोलकढी दोनदा मागून प्यायले आणि मग साहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं.

"संध्याकाळचं प्रक्षेपण बऱ्याचदा खंडित झालेलं दिसतंय," ते म्हणाले.

"कार्ड गेलंय साहेब," मोहितेभाऊ म्हणाले. "आणि दोन टोकांना मी एकटा."

"ते आहेच. तक्रारी किती आल्या?"

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"एकही नाही?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मला सांगा, ही सभा ऐकतं कोण?"

मी म्हटलं, "सर, लोक ऐकतात. खळ्यांवर ऐकतात."

"बाई, तुमची भावना मी समजू शकतो. पण ऐकणारा माणूस बंद पडल्यावर ओरडतो. इथे कुणीच ओरडलेलं नाही."

कॅज्युअलच्या बोलण्याला कोण विचारतो? दिवाळीपासून आमची संध्याकाळची सभा बंद आणि तिच्या जागी थेट मुंबईचा कार्यक्रम, असं ठरलं. त्याची जोडणी वेगळी, नवी. तिला पैसे आणि कार्ड दोन्ही होतं. शेवटच्या दिवशी साहेबांनी खास बजावलं, "निरोप वगैरे घेऊ नका. लोकांना उगाच वाटेल आपण काहीतरी बंद करतोय." म्हणून मी हवामान सांगितलं, गाणं लावलं, नमस्कार म्हटलं. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं आणि जोडणी एकदाही तुटली नाही. मेलीला तेवढं तरी कळायला हवं होतं.

मोहितेभाऊंची बदली झाली. मला बोलावणं यायचं थांबलं. कॅज्युअलला काढत नाहीत, नुसतं बोलवत नाहीत. मग मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत निवेदन केलं, लग्नांच्या हॉलमध्ये आहेराच्या सूचना दिल्या. आता सकाळी आमच्या गल्लीत घंटागाडी येते, तिच्या भोंग्यातून ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा द्या असं बजावणारा आवाज माझाच आहे. शेजारणी हसून म्हणतात, "ताई, आल्या हो तुमच्या बाई." त्या गाडीचा भोंगा अजून एकदाही बंद पडलेला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा हाच हंगाम. संगमेश्वरजवळच्या एका गावात माझी मामेबहीण असते, तिच्याकडे निघाले होते. एसटी हायवेला सोडून आत चालत जायचं. कापलेल्या भाताचा तो वास, कोवळ्या पेंढ्याचा, थोडा गोडसर, थोडा घामाचा. मी त्या वासाला सुद्धा रागावलेली होते. वाटेत एक खळं लागलं. चार-पाच बायका भात झोडत होत्या. पेंढी फळीवर आपटण्याचा आवाज एका तालात चालला होता. मांडवाच्या खांबाला एक रेडिओ टांगलेला. मुंबईतली कुणी मुलगी कुठल्याशा पुलावर गाड्या किती तुंबल्यात ते उत्साहाने सांगत होती.

संध्याकाळ होत आली तरी ऊन फार होतं. मी म्हटलं, "जरा पाणी मिळेल का हो?"

झोडणं थांबलं. एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई पेंढी तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला बाकीच्या भागीकाकी म्हणत होत्या.

"ह्यो आवाज... आवो, तुमी रेडिओतल्या सुनंदाताय काय?"

मी मान हलवली. मग काय विचारता! कुणी गोणपाट अंथरलं, कुणी तांब्या आणला, कुणी नुसतीच हात धरून बसली. भागीकाकीने पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला. सख्ख्या माणसालाही मी इतकं करू दिलं नसतं. त्यांना माझी गाणी आठवत होती, मी एकदा सर्दीने कशी शिंकले होते ते आठवत होतं. रेडिओचा काटा आमच्या केंद्रावरून हलू नये म्हणून दोऱ्याने करकचून बांधलेला होता. मी त्या दोऱ्याकडे बघत होते. तिथे कुणी रेडिओ बंद करून टीव्हीपुढे बसलं नव्हतं.

मला राहवलं नाही. "गेल्या वर्षी रोज बंद पडायचा," मी म्हटलं. "तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"नाय कसा वाटनार! रोज तुमी माफी मागायचात. व्यत्यय का काय ता. आमाला वाईट वाटायचा बगा." भागीकाकीने आवाज खाली आणला, जणू माझी अब्रू ती इतरांपासून झाकत होती. "एकटी बाय मानूस. घरात कोन आजारी असंल, नायतर डोला लागत असंल दमून. चूक कुनाकडनं व्हत नाय? तुमी मोकल्या मनाने मागायचात तरी."

मी तांब्या ओठांपासून खाली घेतला.

"आमचे गुरुजी हायत ना, निवृत्त झालेले, ते लय तापलेले. बोललानी, रोज काय ह्यो रेडिओ गप बसतो, आज फोन करतो नि साहेबालाच सांगतो. फोन हातात घेतलानी. मी हा खला टाकून धावत गेले. म्हटला, गुरुजी, तुमचा एक फोन व्हईल, पन त्या बायची नोकरी जाईल. ठेवा तो फोन."

"ठेवला त्यांनी?"

"ठेवतील नाय तर काय! आमी सगल्या बाया दारात उभ्या." ती हसली. बाकीच्याही हसल्या. "मंग खालच्या वाडीत सांगून ठेवला, बौद्धवाडीत सांगून ठेवला, पलीकडं नदीपार पावन्यांना कलवला. कुनी फोन करायचा नाय. एरवी आमचा पान्यावरनं पटत नाय, पन ह्याला सगली तयार झाली."

"आणि रेडिओ? तो बंद करायचात?"

"नाय वो. चालूच ठेवायचाव. तुमी परत आलात नि आमी नाय, असा कसा?"

रेडिओवरची मुलगी अजून बोलतच होती. भागीकाकीने त्याच्याकडे हात केला. "ही काय बोलते ता कलत नाय. पन गप म्हनून व्हत नाय."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. की बायांनो, चूक माझी नव्हती, कार्डाची होती. त्या गुरुजींचा एक फोन, फक्त एक, आम्हाला पुरला असता. साहेब कार्ड आणणार होते, तक्रार तेवढी हवी होती. ऐकणारा ओरडतो, असं त्या सोलकढी पिणाऱ्या माणसाने सांगितलं होतं, आणि तुम्ही माझ्यासाठी तोंडाला कुलूप लावून बसलात. वर्षभर मी ज्यांना शिव्या घातल्या त्या या बायका. शिव्या परत घ्याव्यात तर तो सगळा राग ठेवायचा कुठे, हेच मला कळेना. तांब्यातलं पाणी मी उगाचच घोटघोट पीत राहिले.

भागीकाकीने नव्या भाताचे पोहे एका पिशवीत बांधून माझ्या हातात दिले. मग माझा हात न सोडता, बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारावं तसं तिने विचारलं, "मंग ताय, वाचली ना तुमची नोकरी? तुमचा आवाज बंद झाला तवा गुरुजी बोललानी, मुंबैला मोठ्या जागेवर घेतलानी असंल."

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पूर्वेला काळं चढू लागलं होतं आणि त्यांचं अर्धं भात अजून झोडायचं होतं.

"वाचली, काकी," मी म्हटलं.

"बगा!" ती बाकीच्यांकडे वळली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिकडे बघवेना. "मी बोलले नव्हते? आपल्या गप ऱ्हान्याचा उपेग झाला."